तीन भाषांना पुरेल असा वायरलेस स्प्लिट कीबोर्ड कसा निवडावा

बेळगावात घरून काम करणाऱ्याच्या बोटांखालून दिवसभरात तीन भाषा जातात. सकाळी बेंगळुरू किंवा पुण्याच्या ऑफिसचे इंग्रजी मेल, दुपारी नाडकचेरीत द्यायचा कन्नड अर्ज, संध्याकाळी गल्लीतल्या गणेशोत्सव मंडळाची मराठी सूचना. मी वडगावात राहते. सॉफ्टवेअरची माहितीपत्रके लिहायची आणि ती तिन्ही भाषांत आणायची, हे माझे काम. उजवे मनगट दुखायला लागल्यावर मी दोन भागांच्या, म्हणजे स्प्लिट कीबोर्डची चौकशी सुरू केली. तेव्हा जे जे वाचले ते फक्त इंग्रजीत टाइप करणाऱ्यांनी लिहिलेले होते, आणि 'बटणे जितकी कमी तितकी बोटांची धावपळ कमी' हा सल्ला त्यात सगळीकडे होता. तो मानून मी ४२ बटणांचा कीबोर्ड मागवला. पहिल्याच दिवशी पत्ता लिहिताना 'वडगाव'मधल्या ड'ला बटणच सापडेना.

तो कीबोर्ड चांगलाच होता, पण माझ्या मराठीसाठी तो बनवलेला नव्हता. शहरात असा किंवा खानापूर, निपाणी, चिकोडीकडे, पहिला स्प्लिट कीबोर्ड घेताना तुमचे पैसे आणि महिनाभराचा सराव वाया जाऊ नये, म्हणून कोणत्या क्रमाने काय ठरवायचे ते इथे सांगते.

दुखत असेल तर आधी डॉक्टर

अंगठा, तर्जनी आणि मधले बोट यांना मुंग्या येत असतील, रात्री हात बधिर होऊन जाग येत असेल, तर मनगटातून जाणारी मीडियन नस दबत असण्याची शक्यता असते. करंगळी आणि अनामिकेला मुंग्या येत असतील तर ती अल्नार नस, आणि ती बरेचदा कोपराशी दबते. हे हाडांच्या डॉक्टरांना दाखवायचे दुखणे आहे. कीबोर्ड हा त्यावरचा उपचार नाही, आणि कीबोर्ड येईपर्यंत थांबू तर मुळीच नका.

स्प्लिट कीबोर्ड काय करतो ते साधे आहे. नेहमीच्या कीबोर्डवर दोन्ही हात छातीसमोर जवळ आणावे लागतात, म्हणून मनगटे करंगळीच्या बाजूला वळतात आणि खांदे पुढे झुकतात. दोन भाग खांद्यांइतके लांब ठेवले की हात कोपरापासून सरळ पुढे जातो. शिवाय प्रत्येक भाग अंगठ्याच्या बाजूने थोडा उचलला, म्हणजे दोन्ही मिळून तंबूचा उतार झाला, की पंजा पूर्ण पालथा राहत नाही. लाभ इतकाच, पण आठ-नऊ तास टाइप करणाऱ्याला तो जाणवतो.

टेबलाची उंची मोजा

घरातले लिहायचे टेबल साधारण ३० इंच, म्हणजे ७५ सेंटिमीटरच्या आसपास असते. मध्यम उंचीच्या माणसाने पाय जमिनीला टेकवून बसून कोपर काटकोनात वाकवले, तर कोपर त्या टेबलाच्या खालीच राहते. मग खांदे उचलून टाइप करावे लागते. जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मापपट्टीने मोजा. कीबोर्डची वरची बाजू त्या उंचीला किंवा किंचित खाली हवी. टेबल कापता येत नसेल तर खुर्ची वर घ्या आणि पायाखाली पाट ठेवा. लॅपटॉप मात्र उचला, स्क्रीनची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल इतका.

बैठक मारून चौरंगावर काम करणारेही आपल्याकडे पुष्कळ आहेत. त्यांना वायरलेस स्प्लिटचा वेगळाच उपयोग होतो. दोन्ही भाग दोन मांड्यांवर किंवा दोन छोट्या पाटांवर ठेवता येतात आणि मधली जागा मोकळी राहते. टेबल उंचच असेल तर जाड पेटीच्या कीबोर्डपेक्षा बुटका, लो-प्रोफाइल प्रकार घ्या. दोन सेंटिमीटरनेही मनगटाचा कोन बदलतो.

एक आठवडा फुकटात करून बघा

घरात किंवा शेजारी जुने यूएसबी कीबोर्ड पडलेले असतातच. असे दोन आणा आणि दोन्ही एकाच कॉम्प्युटरला जोडा. डावा हात डावीकडच्या कीबोर्डच्या डाव्या बाजूवर, उजवा हात उजवीकडच्याच्या उजव्या बाजूवर. विंडोज आणि लिनक्स दोन्हींची बटणे एकत्र धरतात, म्हणजे एकावर शिफ्ट धरून दुसऱ्यावर अक्षर दाबले तरी चालते. मॅकवर मात्र शिफ्ट दुसऱ्या कीबोर्डला लागू होत नाही, एवढे लक्षात ठेवा.

आठवडाभर असे काम केलेत की हात लांब ठेवल्याने खांद्याला आराम पडतो की नाही ते कळते. दुसरे म्हणजे, कुठले बटण तुम्ही 'चुकीच्या' हाताने दाबता ते कळते. इंग्रजी बी हे अक्षर स्प्लिट कीबोर्डवर डाव्या भागात असते आणि वाय उजव्या भागात. पुष्कळ जण बी उजव्या तर्जनीने दाबतात, आणि नवा कीबोर्ड आल्यावर त्यांचे बोट मधल्या रिकाम्या जागेत पडते. ही सवय आहे हे आधीच कळलेले बरे. या सगळ्याला खर्च शून्य, म्हणून ही पायरी गाळू नका.

बटणे किती? हे तुमची भाषा ठरवते

कीबोर्ड कॉम्प्युटरला अक्षर पाठवत नाही, फक्त कुठले बटण दाबले ते पाठवतो. त्या बटणाचा क करायचा की के, हे विंडोज किंवा मॅक ठरवते. म्हणून कुठल्याही कीबोर्डवर मराठी टाइप होते, हे खरे. पण त्यासाठी लागणारी बटणे त्या कीबोर्डवर असायला हवीत.

तुम्ही मराठी कशी टाइप करता? इंग्रजी अक्षरांत शब्द लिहून देवनागरी उमटवत असाल, तर तुम्हाला मुख्यतः २६ अक्षरेच लागतात आणि लहान कीबोर्डही पुरेल. कन्नडसाठी नुडी हे टाइपिंगचे सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांचेही बरेचसे काम इंग्रजी अक्षरांच्या बटणांवर भागते.

इनस्क्रिप्टवाल्यांची गोष्ट निराळी आहे. कुठल्या बटणावर कुठले अक्षर याची ही मांडणी भारत सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने १९८६ मध्ये आणली, आणि पुढे भारतीय लिपी कॉम्प्युटरवर साठवण्याच्या १९९१ च्या इस्की मानकातही ती आली. तिची रचना स्प्लिट कीबोर्डला जणू मोजून शिवल्यासारखी आहे: बहुतेक स्वर आणि काना-मात्रा-वेलांट्या डाव्या हाताला, बहुतेक व्यंजने उजव्या हाताला. म, न, व एवढी नेहमीची व्यंजने डाव्या भागाच्या खालच्या ओळीत. टाइप करताना उजवा-डावा, उजवा-डावा असा ठेका आपोआप पडतो.

आपल्या भागासाठी याहून मोठी गोष्ट म्हणजे इनस्क्रिप्ट सगळ्या भारतीय लिपींना एकच आहे. मराठीचा क ज्या बटणावर, कन्नडचा क त्याच बटणावर. त चा त, र चा र, वेलांटीच्या जागी वेलांटी. एकदा मराठी बोटांत बसले की कन्नड टाइप करायला वेगळे शिकावे लागत नाही, फक्त भाषा बदलायची. दोन्ही लिपींत रोज लिहावे लागणाऱ्या सीमाभागातल्या माणसाने इनस्क्रिप्ट शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

पण या मांडणीला बटणे पूर्ण लागतात. ड आणि ढ हे इंग्रजी पी'च्या उजवीकडच्या, चौकटी कंसाच्या बटणावर आहेत. ट, ठ एकेरी अवतरणाच्या बटणावर. 'गृहपाठ'मधला ऋकार बरोबरच्या चिन्हावर. 'कॉल'मधला ॉ उलट्या तिरक्या रेघेच्या बटणावर. 'बॅग'मधला ॅ शिफ्ट आणि २ वर. कन्नडला तर अगदी वरचे डावे कोपऱ्यातले बटणही हवे, कारण 'कोडु' (दे) मधला ऱ्हस्व ओकार तिथे आहे आणि शिफ्टसह 'ओंदु' (एक) मधला ऱ्हस्व ओ.

मोजून पाहा. दहा अंक, २६ अक्षरे आणि अकरा चिन्हांची बटणे मिळून ४७. त्यात दोन शिफ्ट, स्पेस, एंटर, बॅकस्पेस, टॅब, कंट्रोल, ऑल्ट, विंडोज आणि एस्केप ही दहा मिळवा. ५७ झाली. म्हणून इनस्क्रिप्टवर लिहिणाऱ्याने ५८ च्या खाली जाऊ नये. बाणांची बटणे आणि एफ-१ ते एफ-१२ दुसऱ्या लेयरवर, म्हणजे एक बटण धरून दुसरे दाबायच्या पद्धतीने, खुशाल जाऊ द्या.

४२ बटणांच्या कीबोर्डवरही ड लेयरवर बसवता येतो. मग ढ साठी लेयरचे बटण, शिफ्ट आणि अक्षर अशी तीन बटणे एका वेळी. आपल्या गावांची नावे तरी बघा: वडगाव, हिंडलगा, चिकोडी, खडेबाजार, सगळ्यांत ड. मी हे तीन आठवडे रेटले आणि मग ५८ बटणांचा घेतला.

अंगठ्याखाली काय आहे ते बघा

आता इंग्रजी परीक्षणांत न सापडणारी एक गोष्ट. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट इंग्रजीपेक्षा कितीतरी जास्त वेळा लागतो. ख, घ, थ, ध, भ, फ, ण, श, ळ हे सगळे शिफ्टवर, आणि शब्दाच्या सुरुवातीचे अ, आ, इ, उ हेही. 'आहे', 'आणि', 'आपण' यांतला प्रत्येक शब्द शिफ्टने सुरू होतो. 'दुसऱ्या'तला ऱ हासुद्धा शिफ्टसहच येतो. साध्या कीबोर्डवर हा सगळा भार दोन करंगळ्यांवर पडतो, आणि माझ्या दुखण्याची सुरुवात तिथूनच झाली होती.

स्प्लिट कीबोर्डवर प्रत्येक अंगठ्याखाली तीन-चार बटणे असतात. त्यातले एक शिफ्टला द्या. दोन्ही बाजूंना एकेक दिलात तर उत्तम. एकदा दाबून सोडले तरी पुढच्या एका अक्षरापुरता शिफ्ट लागू राहील, अशी सोयही बहुतेक फर्मवेअरमध्ये, म्हणजे कीबोर्डच्या आतल्या सॉफ्टवेअरमध्ये, असते. त्याला स्टिकी किंवा वन-शॉट शिफ्ट म्हणतात. आणखी एक अंगठ्याचे बटण भाषा बदलायला ठेवा. विंडोजमध्ये विंडोज आणि स्पेस एकत्र दाबले की इंग्रजी, मराठी, कन्नड फिरतात. ती जोडी एका बटणात बसवता येते. माझ्या मनगटाला सर्वांत जास्त आराम या दोन बदलांनी मिळाला.

म्हणून निवडताना अंगठ्याची बटणे किमान तीन-तीन आहेत ना, आणि अंगठा न ताणता तिथे पोहोचतो ना, एवढे नक्की बघा. एक लांब स्पेसबार मधोमध कापून दोन तुकडे केलेल्या कीबोर्डवर हे जमत नाही.

आकार आणि हाताचे माप

नेहमीच्या कीबोर्डच्या ओळी एकमेकींपासून थोड्या सरकलेल्या असतात. जुन्या टाइपरायटरमध्ये प्रत्येक बटणाखाली लोखंडी दांडा असे, आणि ते दांडे एकमेकांना अडू नयेत म्हणून ही तिरकी रचना झाली. रेमिंग्टनचा पहिला टाइपरायटर १८७४ मध्ये बाजारात आला. दांडे कधीच गेले, तिरकेपणा राहिला. कॉलम-स्टॅगर प्रकारात बटणे उभ्या रांगांत असतात आणि प्रत्येक रांग बोटाच्या लांबीप्रमाणे वरखाली सरकवलेली असते. मधल्या बोटाची वर, करंगळीची खाली. नव्या माणसाला पहिले पंधरा दिवस हा प्रकार जड जातो, नंतर बोटांना तिरके जावे लागत नाही. तिसरा प्रकार वाटीसारखा खोलगट, त्यात टोकाची बटणेही बोटाजवळ येतात, पण तो महाग असतो.

लॅपटॉपच्या कीबोर्डवरही रोज काम करावे लागणार असेल तर नेहमीच्या तिरक्या ओळींचा स्प्लिट घेणेही चुकीचे नाही. हात लांब ठेवण्याचा फायदा त्यातही मिळतो.

हाताचे माप घ्यायला पुठ्ठा पुरतो. लिली५८, सोफल अशा खुल्या डिझाइनच्या कीबोर्डचे नकाशे इंटरनेटवर मिळतात. ते झेरॉक्सच्या दुकानात अगदी शंभर टक्के मापाने छापून घ्या, 'पानात बसवा' हा पर्याय बंद करून. पट्टीने तपासा: साध्या एमएक्स जातीच्या दोन बटणांच्या मध्यांमधले अंतर १९.०५ मिलिमीटर भरले पाहिजे. लो-प्रोफाइल चॉक स्विचचे (स्विच म्हणजे बटणाखालचा दाबला जाणारा भाग; एमएक्स आणि चॉक या त्याच्या दोन जाती) काही कीबोर्ड १८ बाय १७ मिलिमीटरचे असतात आणि लहान पंजाला ते सोपे जातात. कागद पुठ्ठ्यावर चिकटवा, कापा, टेबलावर ठेवा आणि डोळे मिटून बोटे हलवा. मी हे करत बसले होते तेव्हा आईने विचारले होते, "काय करायलीस गं ह्या पुठ्ठ्यांचं?" त्याच पुठ्ठ्यावर माझा अंगठा सर्वांत आतल्या बटणापर्यंत पोहोचत नाही हे कळले, आणि एक महाग कीबोर्ड यादीतून गेला.

स्विच

इथे फार वेळ घालवू नका. क्लिकी स्विच प्रत्येक दाबाला टक् वाजतात. टॅक्टाइल स्विचमध्ये अर्ध्या वाटेवर बोटाला हलका उंचवटा जाणवतो. लिनियर स्विच सरळ खाली जातात. चेरी या स्विच बनवणाऱ्या कंपनीच्या रंगांत सांगायचे तर निळा, तपकिरी आणि लाल. वडगावात यंत्रमागाच्या आवाजाची आम्हाला सवय आहे, पण कॉलवरच्या माणसाला नाही, आणि शेजारच्या खोलीत झोपलेल्या सासऱ्यांनाही नाही. घरून काम करणाऱ्याने क्लिकी घेऊ नये. हलका टॅक्टाइल किंवा सायलेंट लिनियर घ्या.

महत्त्वाचे म्हणजे स्विच ओढून बदलता येतात का, म्हणजे हॉट-स्वॅप आहे का, ते विचारा. असेल तर आजची निवड चुकली तरी उद्या सुधारते, डाग द्यायची गरज पडत नाही. आणि चॉकचे स्विच, कीकॅप (बटणांच्या वरच्या टोप्या) एमएक्सच्या कीबोर्डला बसत नाहीत, हे सुटे सामान मागवताना विसरू नका.

वायरलेस म्हणजे नक्की काय

स्प्लिट कीबोर्डमध्ये दोन वेगवेगळी जोडणी असतात: दोन भागांमधली, आणि कीबोर्ड व कॉम्प्युटर यांच्यामधली. जाहिरातीत 'स्प्लिट' आणि 'मेकॅनिकल' मोठ्या अक्षरात असते, पण वायरलेस कुठली जोडणी ते तपासून घ्यावे लागते. झेडएसएचे मूनलँडर आणि व्हॉयेजर, कीक्रॉनचा क्यू११ हे नावाजलेले कीबोर्ड दोन्ही ठिकाणी वायरचे आहेत. खुल्या डिझाइनचा कीबोर्ड जुळवून घेत असाल तर आतला कंट्रोलर, म्हणजे कीबोर्ड चालवणारी छोटी चिप-पट्टी, कुठला ते विचारा. 'प्रो मायक्रो' किंवा 'आरपी२०४०' असे उत्तर आले तर त्यात ब्लूटूथ नाही. 'नाइस नॅनो' किंवा 'एनआरएफ५२८४०' असे आले तर आहे.

बहुतेक वायरलेस स्प्लिटमध्ये झेडएमके नावाचे खुले फर्मवेअर असते. त्यात एक भाग, सहसा डावा, मुख्य असतो. उजवा भाग डाव्याशी बोलतो आणि डावा कॉम्प्युटरशी. म्हणून डाव्या भागाची बॅटरी आधी उतरते. हा बिघाड नव्हे. रंगीत दिवे बंद ठेवले तर छोट्या बॅटरीवरही काही आठवडे निघतात. दिवे लावलेत तर चार्जिंगची पाळी काही दिवसांतच येते. दोन्ही भाग वेगवेगळे चार्ज करावे लागतात, तेव्हा दोन यूएसबी-सी वायरी टेबलाशी ठेवा. पावसाळ्यात खानापूर, जांबोटीकडे वीज तासन् तास जाते. मोबाइलची पॉवर बँक या कीबोर्डना पुरून उरते.

झेडएमकेत एरवी पाच उपकरणांच्या जोडण्या साठवता येतात. ऑफिसचा लॅपटॉप एकावर, स्वतःचा कॉम्प्युटर दुसऱ्यावर, मोबाइल तिसऱ्यावर, आणि बटण दाबून अदलाबदल. ऑफिसच्या लॅपटॉपवर काम करणाऱ्यांनी तीन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. पहिली, लॅपटॉप सुरू होतानाच, विंडोज येण्याआधी पिन मागत असेल तर तिथे ब्लूटूथ कीबोर्ड चालत नाही. तेवढ्यापुरते लॅपटॉपचे स्वतःचे कीबोर्ड वापरा किंवा वायर लावा. दुसरी, फर्मवेअर बदलताना कीबोर्ड कॉम्प्युटरला पेन ड्राइव्हसारखा दिसतो, आणि बऱ्याच कंपन्या पेन ड्राइव्ह बंद ठेवतात. हे काम घरच्या कॉम्प्युटरवर करा. तिसरी चांगली आहे: बटणांची मांडणी कीबोर्डच्या आत साठते, त्यामुळे ऑफिसच्या लॅपटॉपवर काहीही इन्स्टॉल करावे लागत नाही आणि कोणाची परवानगी मागावी लागत नाही.

काही कीबोर्ड ब्लूटूथऐवजी २.४ गिगाहर्ट्झच्या डोंगलवर, म्हणजे यूएसबीत खोचायच्या छोट्या रिसीव्हरवर, चालतात. तो डोंगल यूएसबी ३ च्या पोर्टला, त्यातही हार्ड डिस्कच्या शेजारी लावला, तर अक्षरे गाळली जाऊ शकतात. यूएसबी ३ चा विद्युत गोंगाट त्याच पट्ट्यात पडतो, हे इंटेलने २०१२ मध्येच मांडले आहे. हातभर एक्स्टेंशन वायरने डोंगल दूर नेला की बहुधा प्रश्न सुटतो. अक्षरे गाळली जात असतील तर दोन भागांमध्ये ठेवलेला धातूचा लॅपटॉप स्टँडही एकदा बाजूला करून बघा.

कुठला आणि कुठून

तयार वायरलेस कीबोर्डमध्ये इनस्क्रिप्टला पुरतील असे दोन आधी बघा. किनेसिसचा ॲडव्हान्टेज३६० प्रो, ७६ बटणांचा, वाटीच्या आकाराचा. आणि मोएर्गोचा ग्लोव्ह८०, ८० बटणांचा, तोही खोलगट, पण चॉक स्विचचा आणि वजनाला हलका. दोन्ही परदेशातून येतात आणि किंमत ४०० डॉलरच्या आसपास किंवा वर असते. त्यावर कुरियर, सीमाशुल्क, जीएसटी आणि कुरियर कंपनीची हाताळणी फी धरा. ऑर्डर देण्याआधी विक्रेत्याला लेखी विचारा की कर तुमच्या किमतीत धरला आहे की दारात भरायचा, आणि एक भाग बिघडला तर तो परत पाठवण्याचा खर्च कोणाचा. या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर टाळणाऱ्याकडून घेऊ नका.

माझा सल्ला नव्या माणसाला वेगळा आहे. लिली५८ किंवा सोफल, दोन्ही ५८ बटणांचे, वायरलेस कंट्रोलरसह जुळवून देणारे विक्रेते भारतातही आहेत. खर्च बराच कमी येतो, बिघाड झाला तर पार्सल देशातच फिरते, आणि एखादा सुटा भाग बदलता येतो. स्वतः जुळवायला घेतलात तर बॅटरीच्या वायरींची दिशा दोनदा तपासा. लाल-काळ्याची जागा सगळ्या बॅटऱ्यांमध्ये सारखी नसते आणि उलट लागली तर कंट्रोलर जळतो. सुट्या लिथियम बॅटऱ्या हवाई कुरियर सहजी घेत नाहीत, म्हणून कित्येक किट बॅटरीविना येतात. आधी विचारून घ्या.

तंबूचा उतार देणारे पाय सोबत नसतील तर परदेशी स्टँड मागवू नका. पत्रा वाकवणाऱ्या उद्यमबागेतल्या एखाद्या वर्कशॉपमध्ये पुठ्ठ्याचा नमुना घेऊन जा. दहा-पंधरा अंशांचा कोन, खाली रबर, वर दोन बाजूंना छोटी कड, एवढे सांगितले की पुरे. सुरुवात दहा अंशांनीच करा.

देवनागरी छापलेल्या कीकॅप या कीबोर्डना मिळणे कठीण. स्टिकर वळणदार कीकॅपवरून महिन्या-दोन महिन्यांत सुटतात. त्यापेक्षा इनस्क्रिप्टचा तक्ता छापून स्क्रीनखाली चिकटवा. एफ आणि जे वरच्या उंचवट्यांवर तर्जन्या ठेवल्या की डावीकडे ऱ्हस्व इकार आणि उजवीकडे र, तिथून मोजत जायचे.

आल्यावर पहिले तीन आठवडे

दोन भाग एकमेकांना ओळखत नसतील तर दोन्हींची रिसेट बटणे एकदम दाबा. इतके झाले की बटणांची मांडणी फारशी बदलू नका. पहिल्या दिवशी फक्त शिफ्ट अंगठ्यावर आणा आणि ड, ॉ, ऋकार, कोपऱ्यातले बटण कुठे ठेवायचे ते पक्के करा. एक चूक टाळा: इंग्रजीसाठी कोलमॅकसारखी नवी अक्षररचना कीबोर्डच्या आत बसवली, तर इनस्क्रिप्टची सगळी अक्षरे विस्कटतात, कारण विंडोज बटणांच्या मूळ जागा धरून चालते. कोलमॅक हवेच असेल तर ते विंडोज किंवा मॅकच्या सेटिंगमधून घ्या, कीबोर्डला हात लावू नका.

सुरुवात शुक्रवारी संध्याकाळी करा. शनिवार-रविवार रोज वीस-वीस मिनिटांच्या तीन बैठका पुरेत. पाठ कशाचा करायचा हा प्रश्न असेल तर आपल्या गल्लीचा पत्ता, घरच्यांची नावे, नेहमीचा अर्ज हेच लिहा. आधी मराठीत, मग भाषा बदलून कन्नडमध्ये. बोटे त्याच जागी जात असल्याचे स्वतः अनुभवाल. सोमवारी सकाळचे दोन तास नव्यावर आणि बाकी दिवस जुन्यावर असे करत वाढवत न्या. वेग अर्ध्यावर येतो, दुसऱ्या आठवड्यात हळूहळू परत चढतो. मनगट किंवा अंगठ्याच्या मुळाशी नवे दुखणे सुरू झाले तर थांबा. बहुधा अंगठ्याचे बटण फार आत असते किंवा उतार जास्त झालेला असतो. एका वेळी एकच गोष्ट बदलून दोन दिवस पाहा.

पावसाळ्यात काम संपल्यावर दोन्ही भाग झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीसह ठेवा आणि पुडी दर महिन्याला बदला. बॅटरीची जागा फुगलेली दिसली तर चार्जिंग लगेच बंद करून तो भाग कारागिराला दाखवा. जुना वायरचा कीबोर्ड पहिला महिनाभर टेबलाच्या खणातच असू द्या, रात्री नऊच्या कॉलच्या आधी डावा भाग उतरला तर तो लागतो.